एकेचाळीस हातांचं झाड

काठीवाले मास्तर कुणाला कधी मारत नसत, आणि तरी त्यांच्या हातात सदा काठी असे. तळोद्याच्या त्या शाळेत मी नवा लागलो तेव्हा पहिल्याच दिवशी मला वाटलं, झालं, आणखी एक बडवणारा! पण काठी बरोबर दोन हात लांब होती, तिच्यावर बोटाबोटावर खुणा कोरलेल्या होत्या, आणि ती पोरांच्या पाठीवर नव्हे तर पोरांच्या शेजारी उभी राहायची. "ऊठ रे. काठीच्या किती पट झालास बघू." सहा महिन्यांपूर्वीचं माप मास्तरांना तोंडपाठ असे. पोरगं वाढलं नसेल तर बापाला निरोप जाई.

मी नाशिककडचा. मराठी आणि चित्रकला शिकवायला आलो होतो. गावात जागा मिळेना, म्हणून मास्तरांच्या घरी राहिलो. घर म्हणजे शाळेच्या मागे, जरा उंचावर, मातीच्या भिंतींच्या दोन खोल्या, वर कौलं. मास्तरांनी ते स्वतः बांधलं होतं, चार वर्षं खपून. वाशांचा कोन त्यांनी बांबूच्या कांबटांचा छोटा नमुना करून आधी वर्गात ठरवला होता आणि मग तसाच मोठा करून छपरावर चढवला होता. आल्यागेल्याला ते छपराखाली उभं करून सांगत, "वर बघा. हे सगळं आधी माझ्या तळहातावर मावत होतं." पाहुण्याला घाई असो नसो, मान वर करावीच लागे.

स्वयंपाक तेच करत. बायको लग्नानंतर दोन वर्षांतच गेली, पुढे त्यांनी संसार मांडला नाही. ज्वारीची भाकरी सुरेख थापत, पण जेवताना हिशेब काढत. एकदा मी पोरांना घेऊन शेतावर चित्रं काढायला जाऊन आलो होतो, भूक सपाटून लागली होती, म्हणून म्हटलं आज माझी भाकरी जरा मोठी थापा. त्यांनी थापली. मी पहिला घास मोडतोय तोच म्हणाले, "तुमची भाकरी माझ्या भाकरीच्या दीडपट रुंद आहे."

"बरं मग?"

"म्हणजे तुम्ही दीडपट जेवत नाही, सव्वादोनपट जेवता."

घास घशात अडकला माझ्या! असल्या माणसाबरोबर मी तीन वर्षं काढली. एकदा रागानं मी विचारलंही, की तुम्हाला जगात त्रिकोणाखेरीज काही दिसतं का? त्यांनी खरोखर विचार केला आणि म्हणाले, "दिसतं की. चौकोन. पण त्याचा भरवसा नसतो."

ही थट्टा नव्हती, त्यांच्या शिकवण्याचा तो पहिला धडा होता. भूमितीचं पुस्तक ते दिवाळीपर्यंत पोरांना उघडू देत नसत. बुरुडाकडून बांबूची कांबटं आणायची, ठरल्या मापाची कापायची आणि टोकं बाभळीच्या काट्यानं जोडायची. तीन कांबटांचा त्रिकोण कसाही दाबा, हलत नाही. चार कांबटांचा चौकोन दाबला की कलंडतो. बाजू त्याच, पण आकार गेला. मग मास्तर वर्गाला रस्त्यावर कुणाच्या तरी अंगणात नेत आणि तिरकी झालेली बाज दाखवत. "लाकडं तीच आहेत की नाहीत? मग झोपणारा घसरतो का?" पोरं हसत, आणि त्यांच्या डोक्यात बसे, की त्रिकोणाचे कोन जुळले की लहानमोठे दोन त्रिकोण समरूप झालेच, पण बाकीच्या बहुभुजाकृतींना तेवढ्यावर सोडायचं नाही. त्यांचे कोनही बघायचे आणि बाजूंचं प्रमाणही बघायचं. मला ही गोष्ट कॉलेजात जाऊन समजली नव्हती. त्या वर्गाच्या दाराशी उभं राहून समजली, पण ते मी मास्तरांना कधी सांगितलं नाही. आधीच काय कमी होते!

एकदा डिपोटी साहेब तपासणीला आले. त्यांनी म्हसावदकडच्या एका पोराला उभं केलं आणि समरूप त्रिकोणांची व्याख्या विचारली. पोरानं व्याख्या सांगण्याऐवजी दप्तरातून काट्यांनी जोडलेले दोन त्रिकोण काढले, एक वीतभर, एक चार बोटं, आणि साहेबांपुढे धरले.

"साहेब, हाऊ बाप नि हाऊ पोऱ्या. तोंड एकच शे, आंग येगळं."

हेडमास्तरांनी कपाळाला हात लावला. साहेबांनी मात्र विचारलं, "आणि चौकोनाचा बाप?"

पोरानं चौकोन काढला, साहेबांच्या हातात दिला आणि म्हणाला, "दाबी देखा. यान्हा भरोसा नही."

साहेबांनी दाबला. बाभळीचा काटा त्यांच्या अंगठ्यात गेला. शेऱ्यात लिहिलं गेलं, 'साधने गावठी, समज चांगली.' हेडमास्तर पहिल्या दोन शब्दांवर महिनाभर धुसफुसत होते. मास्तरांनी शेरा वाचून एवढंच विचारलं, की काटा पूर्ण निघाला ना?

हे सगळं गमतीचं. पण मास्तर म्हटले की मला आठवतं ते सावरीचं झाड.

शाळेच्या मागच्या मोकळ्या जागेत मधोमध एक जुनी सावर होती. वाळून तिला दोन वर्षं झालेली. बुंध्याला वाळवी, अंगाला काटे, फांद्या अशा ठिसूळ की कावळा बसला तरी काटकी पडे. चैत्र सरत आला की आमच्याकडे वावटळी सुटतात, आणि त्या वर्षी पहिल्याच वावटळीत मांडीएवढी फांदी पोरांच्या खेळण्याच्या जागी येऊन आदळली. सुदैवानं सकाळची शाळा सुटली होती. झाड पाडायचं ठरलं. वर चढून फांद्या उतरवायला कुणी तयार होईना, तेव्हा बुंध्याशी तोडून अख्खंच पाडायचं. उत्तरेला शाळा, पूर्वेला विहीर आणि रस्ता. झाडाचा झोक नैर्ऋत्येला, पण थेट त्या दिशेला देवीचं देऊळ, म्हणजे दक्षिणेला पाडा नाहीतर पश्चिमेला. पश्चिमेला चढावर मास्तरांचं घर, अवघ्या तीस हातांवर. दक्षिणेला सपाटी, आणि एकोणचाळीस हातांवर पाणीवालीची झोपडी.

पाणीवाली म्हणजे शाळेत पाणी भरणारी बाई, भिल्लाची, नवरा गेलेली. पोरं तिला माय म्हणत. हंडा डोक्यावर असतानाही ती पोरांशी भांडत असे आणि थेंब सांडत नसे. तिची मुलगी बाळंतपणाला आली होती. बाळंत होऊन पाच दिवस झाले होते आणि तिला अजून उठून बसवत नव्हतं. हेडमास्तरांनी मायला बोलावून सांगितलं, की झोपडी रिकामी कर, झाड अंगावर येईल.

"साहेब, मन्ही पोर पाच दिननी बाळतीन शे. तिले कसी उठाडू? कोठे ली जाऊ?"

"ते तू बघ."

मास्तर तिथेच होते. म्हणाले, "थांबा. झाड झोपडीपर्यंत पोचतं का, हे तरी आधी बघू. उद्या सकाळी माझा वर्ग मोजील."

दुसऱ्या दिवशी सकाळी उन्हं तिरपी असताना वर्ग बाहेर आला. शाळेच्या अंगणात काठी उभी केली. दोन हातांची काठी, तिची सावली तीन हात. झाडाची सावली पश्चिमेला आमच्या घराच्या कडेकडेनं गेली होती. पोरांनी दोरी धरून बुंध्यापासून शेंड्याच्या सावलीपर्यंत मोजली, चोपन्न हात भरली. सूर्य तोच, कोन तोच, त्रिकोण समरूप. तीनला दोन, तर चोपन्नला किती? तीस पोरं एका सुरात ओरडली, "छत्तीस!"

झोपडी एकोणचाळीस हातांवर. तीन हात मोकळे.

मास्तर स्वतः झोपडीच्या दाराशी गेले. मी मागे होतो. आत अंधारात बाजेवर मुलगी पडली होती, कुशीत गाठोड्याएवढं बाळ. मास्तर मायला म्हणाले, "माय, कुठे हलू नकोस. तुझ्या घराला पालासुद्धा लागणार नाही."

मायनं त्यांच्याकडे बघितलं, काठीकडे बघितलं आणि चुलीवरचं भांडं उतरवायला आत गेली. तिचा विश्वास बसला होता. तीन वर्षं ती त्या वर्गाला पाणी पाजत होती.

झाड तोडायला सातपुड्यातून एक म्हातारा आणि त्याचे दोन मुलगे आले. लंगोटी, कुऱ्हाडी, दोरखंड. म्हाताऱ्याला मराठी येत नव्हती, अहिराणीचे चार शब्द येत होते आणि ते चारही तो जपून वापरत होता. त्यानं झाडाभोवती एक फेरी मारली, बुंध्यावर कुऱ्हाडीची मूठ ठोकून आवाज ऐकला. मग झाडाकडे पाठ करून दक्षिणेला चालू लागला. थोडं चालायचं, पाय फाकवायचे, खाली वाकायचं आणि दोन पायांमधून उलटं डोकं करून झाडाकडे बघायचं. मग आणखी थोडं चालायचं. पोरं खिदळायला लागली. मीही हसलो, खोटं कशाला सांगू! म्हातारा असा वाकत वाकत झोपडीपाशी पोचला, तिच्या कडेनं आणखी दोन पावलं पुढे टाकली, वाकला, आणि या खेपेला बराच वेळ तसाच राहिला. मग सरळ झाला, परत आला आणि कुऱ्हाड जमिनीवर ठेवून बसला.

"घरवर पडी," तो म्हणाला.

हेडमास्तर म्हणाले, "काहीतरीच काय! गणितानं काढलंय. छत्तीस हात."

म्हाताऱ्यानं विडी पेटवली. वाद त्यानं घातलाच नाही. कुऱ्हाडीला हातही लावला नाही.

मास्तर त्याच्यापाशी गेले. मला वाटलं होतं, समजावतील. त्यांनी काठी बाजूला टाकली आणि म्हाताऱ्याला खुणेनं सांगितलं, पुन्हा करून दाखव. म्हाताऱ्यानं दाखवलं. जिथे उभं राहून पायांमधून नेमका शेंडा दिसतो, तिथून बुंध्यापर्यंत जेवढं अंतर, तेवढं झाड उंच. बापानं त्याला शिकवलं होतं. मास्तर धोतर सावरून, पाय फाकवून, त्या जागेवर वाकले. टोपी पडली. तसेच उलटे असताना ओरडले, "अरे, हा तर माझाच त्रिकोण! इथे या सगळे!" आणि तीस पोरं ओळीनं वाकली. शाळेच्या कमिटीचे अध्यक्ष नेमके तेव्हाच टांग्यातून उतरले. समोर तीस पोरं आणि एक मास्तर त्यांच्याकडे पाठ करून वाकलेले. त्यांच्या चेहऱ्याचं वर्णन मी करत नाही.

मास्तर सरळ झाले तेव्हा मात्र त्यांचा चेहरा उतरला होता. दोघांचा त्रिकोण एकच, मग उत्तरं दोन कशी? ते सावली मोजली होती तिथे गेले आणि उभे राहिले. आमच्या घराकडे जायची ती वाट. त्या वाटेनं रोज चार वेळा आम्ही चढत होतो. पायांना ठाऊक होतं, डोक्यात कधी आलं नाही.

"परात आणा," ते म्हणाले. "पाणी भरून."

परातीतल्या पाण्याच्या कडेवरून नजर लावत, टप्प्याटप्प्यानं, त्यांनी चढ मोजून घेतला. बुंध्यापासून सावलीच्या टोकापर्यंत जमीन पाच हात वर चढत होती. काठीची सावली सपाट अंगणात पडली होती आणि झाडाची चढावर. चढानं सावली आधीच अडवली होती, तिचं टोक जिथे टेकलं ती जागाच बुंध्याहून पाच हात उंच. छत्तीस अधिक पाच, एकेचाळीस. झोपडी एकोणचाळीसवर.

आम्ही त्या बाळंतिणीला सांगून आलो होतो, की हलू नकोस.

मास्तरांनी वर्ग तिथेच मातीत बसवला. "वह्या काढा. लिहा. गुरुजींची चूक. काठी सपाटीवर, झाड चढावर. दोन्ही त्रिकोणांचा एक कोन निराळा होता, तो गुरुजींनी पाहिला नाही. म्हणून त्रिकोण समरूप नव्हते."

हेडमास्तर जवळ येऊन दबक्या आवाजात म्हणाले, "अहो, पोरांपुढे काय चूक कबूल करता?"

"मग कुणापुढे करू? गणित त्यांच्याकडूनच करून घेतलं ना?"

अध्यक्षांना घाई होती. ते म्हणाले, झाड आज पडलंच पाहिजे, संध्याकाळी पुन्हा वारा सुटेल. तेव्हा मी तोंड उघडलं. आजही आठवलं की लाज वाटते. मी म्हणालो, "त्या दोघींना तासभर बाहेर काढा आणि पाडा की. झोपडीच तर आहे. चार माणसं दोन दिवसांत उभी करतील."

मास्तर माझ्याकडे वळले. ते माझ्यावर कधी रागावले नव्हते. तेव्हाही आवाज चढला नाही.

"आणि दोन दिवस ती मुलगी कुठे निजेल? चैत्राच्या उन्हात, पाच दिवसांचं पोर घेऊन? तुम्ही निजाल?"

मास्तर म्हाताऱ्याकडे गेले आणि हातानं पश्चिम दाखवली. म्हाताऱ्यानं चढाकडे बघितलं, कौलांकडे बघितलं, मग मास्तरांकडे.

"कोननं घर?" त्यानं विचारलं.

"माझं," मास्तर म्हणाले. "पाड."

मी म्हणालो, "अहो, मास्तर, माझी ट्रंक आहे आत!" असं एखादं वाक्य जन्मभर पुरतं माणसाला.

पोरांनी अर्ध्या तासात घर रिकामं केलं. होतं काय? माझी ट्रंक, अंथरुणं, भांडी, कांबटांची एक मोळी. दोरखंड पश्चिमेला ताणले. माय मुलीला हलवायला तयार नव्हती. सव्वा महिना झाल्याशिवाय बाळंतीण उंबरा ओलांडत नाही, आणि मुलीच्या अंगात ताप होता. तेव्हा मास्तर जाऊन झोपडीच्या उंबऱ्यावर बसले. का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. या खेपेला चूक झाली असती तर झाड आधी त्यांच्यावर आलं असतं. मी विहिरीपाशी उभा होतो, सुरक्षित.

कुऱ्हाडी दीड तास चालल्या. झाड आधी कुरकुरलं, मग क्षणभर थांबलं, आणि दक्षिणेकडे किंचित झुकल्यासारखं झालं. तेव्हा म्हाताऱ्याच्या थोरल्या मुलानं दोरखंड अंगाला गुंडाळून स्वतःला मागे झोकून दिलं. आम्ही धावलो, मीही धावलो, हातांची सालं निघाली. मग झाड वळलं आणि पश्चिमेला गेलं. कौलं फुटल्याचा आवाज झाला. मातीचा एवढा मोठा लोट उठला की शाळासुद्धा दिसेना. त्या लोटातून बाळाचं रडणं आलं, चांगलं खणखणीत, तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

धूळ बसली. मास्तर उठून आले. पुढची खोली भुईसपाट झाली होती, मागच्या खोलीचं छप्पर मोडून आत लोंबत होतं. त्यांनी एक वासा उचलून बाजूला ठेवला. मग पोरांना हाक मारली, दोरी धरायला लावली आणि पडलेलं झाड मोजलं. एकेचाळीस हातांना एक वीत कमी. "वीत बुंध्यात राहिली," ते म्हणाले. म्हाताऱ्याला त्यांनी दोन्ही हातांनी नमस्कार केला. म्हातारा गोंधळला, मग त्यानंही केला.

तेवढ्यात माय आली. तिला सगळं समजलं होतं. ती मास्तरांच्या पुढ्यात उभी राहिली.

"मास्तर, पाला बी लागाव नही, आसं तुम्हीच सांगं व्हतं ना माले?"

"हो, माय."

"तुमना हिसाब चुकना. मन्ही पोर आतमा व्हती. तिनं लेकरू आतमा व्हतं."

"हो, माय. चुकलो."

अध्यक्ष पुढे होऊन म्हणाले, "अगं, त्यांनी तुझ्यासाठी स्वतःचं घर पाडलं, आणि तू त्यांनाच..."

"बोलू द्या तिला," मास्तर म्हणाले. "ती बरोबर बोलते आहे."

माय पडलेल्या कौलांकडे वळली.

"आते कोठे ऱ्हाशात?"

मास्तरांनी तेवढं मोजलं नव्हतं.

"चाला," ती म्हणाली. झोपडीच्या कडेला तिचा कुडाचा मांडव होता, तिकडे तिनं हात केला. हेडमास्तरांनी खाकरून धर्मशाळेचं नाव काढलं. गावात बोलणी होतील, हे त्यांना सुचवायचं होतं. मास्तरांनी भांड्यांची पाटी उचलली आणि तिच्या मागे चालू लागले. पुढे पावसाळ्याच्या तोंडापर्यंत, घर पुन्हा उभं राहीस्तोवर, ते त्या मांडवात राहिले. गावात बोलणी झालीच. त्यांच्या कानापर्यंत ती पोचली की नाही, कोण जाणे.

मी मात्र उन्हात माझ्या ट्रंकेपाशी उभा होतो. धर्मशाळेत जावं की काय, असा विचार करत होतो. पाणीवाली परत आली, तिनं माझी ट्रंक उचलून डोक्यावर घेतली आणि अंथरूण काखेत मारलं.

"चाला ना गुरजी. ऊन लागी तुमले."

मांडवात तिनं ट्रंक सावलीच्या बाजूला लावली, अंथरूण टाकलं आणि आतून तांब्या भरून आणला. आत मुलगी बाळाशी काहीतरी पुटपुटत होती. तांब्या हातात घेताना मला आठवलं, मघाशी मी अध्यक्षांपुढे झोपडीबद्दल ते बोललो तेव्हा ही बाई हंडा घेऊन माझ्या पाठीमागेच उभी होती. माझा शब्दन् शब्द तिनं ऐकला होता.

मी तिची माफी मागायला हवी होती. मागितली नाही. पाणी प्यायलो.